परतीचा रविवार: नऊ वर्षांनी परतलेल्या एकीचा अभिप्राय

आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, 'परतीचा रविवार' (येणं सोडलेल्यांना पुन्हा बोलावण्याचा रविवार) आणि त्यानंतरचा सहा आठवड्यांचा वर्ग पार पडला, तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीने सगळ्यांकडून अभिप्राय मागितला. फॉर्मवर चार चौकटी होत्या: स्वागत, उपासना, वर्ग, सूचना. एकेका चौकटीत दोन ओळी मावत होत्या. फॉर्म भरून दिला, पण सांगायचं होतं ते त्यात आलंच नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांच्या मंडळीत असं काही करायचं चाललं आहे त्यांना याचा उपयोग व्हावा, आणि माझ्यासारखे जे बाहेर राहिलेत त्यांनाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक गुण का राखून ठेवला ते पुढे येईलच.

आधी मी बाहेर कशी पडले ते सांगायला हवं, नाहीतर परत आणणाऱ्यांनी काय केलं याचं मोल कळणार नाही. सात वर्षं मी शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणात) आठ ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेत होते. मग माझं घटस्फोटाचं प्रकरण सुरू झालं. एका रविवारी फलालीनच्या फळ्यावर लावायच्या चित्रांची पिशवी घेऊन वर्गावर गेले, तर तिथे दुसऱ्या बाई मुलांना गोष्ट सांगत होत्या. मला आधी कोणी काही बोललं नव्हतं. दारातच एका पंचांनी बाजूला घेतलं आणि म्हणाले, "थोडे दिवस विश्रांती घ्या." मुलं आतून माझ्याकडे बघत होती. मी पिशवी कपाटात ठेवली आणि घरी आले.

मी भांडून गेले नाही, राजीनामाही दिला नाही. पुढच्या रविवारी उठवेना. त्याच्या पुढच्या रविवारी वाटलं, महिनाभर थांबावं. मग कोणी फोन करेल याची वाट पाहिली. नंतर वाट पाहणंही सुटलं. विश्वास मात्र गेला नव्हता. झोपण्याआधी प्रार्थना करत होते, दुःखाच्या दिवसांत स्तोत्रसंहिता उघडत होते. देवाशी बोलणं चालू होतं, त्याच्या लोकांशी बंद पडलं होतं.

यात मी एकटी नव्हते हे पुढे वाचनातून कळलं. न्यूझीलंडच्या ॲलन जेमिसन यांनी चर्च सोडलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांना असे पुष्कळ भेटले की ज्यांनी मंडळी सोडली होती, विश्वास सोडला नव्हता. फिलिप रिक्टर आणि लेस्ली फ्रान्सिस या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी असाच अभ्यास करून १९९८ साली तो पुस्तकरूपात मांडला. त्यातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले. येणं कमी झाल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत मंडळीतल्या कोणीही आपल्याला त्याबद्दल विचारलं नाही, असं बहुतेकांनी सांगितलं होतं. माझे ते सहा आठवडे मला तारखेनिशी आठवतात. त्या काळात एक जरी फोन आला असता, तर पुढची नऊ वर्षं वेगळी गेली असती असं मला खरंच वाटतं.

मधे एकदा, तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका मंडळीने असाच रविवार ठेवला होता. तिचं नाव घेत नाही. त्यांचं छापील कार्ड दाराखालून आत आलं होतं: चांगला कागद, सुरेख अक्षर, 'तुमची जागा रिकामी आहे' असा मजकूर. माझी जागा त्या मंडळीत कधी नव्हतीच, तरीही मी गेले. दारात छातीवर लावायला चिकटपट्टी दिली, 'पाहुणे' लिहिलेली. उपासनेच्या मध्यावर पाळक (तिथले धर्मगुरू) म्हणाले, "आज पहिल्यांदा आलेल्यांनी कृपया उभं राहावं." शेजारच्या बाईंनी प्रेमाने मला कोपराने ढोसलं. मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या. मग पहिलं गीत सुरू झालं, आणि शेजारच्या बाईंनी त्यांचं पुस्तक माझ्यापुढे धरून बोटाने ओळ दाखवली. ते गीत मला सहाव्या वर्षापासून पाठ आहे. त्यातला आल्टोचा भाग मी गायकगटात गायलेला आहे.

त्या बाईंचा काही दोष नाही, त्या मनापासून करत होत्या. पण घरी येताना माझ्या मनात एकच होतं: यांना मी कोण आहे ते कळलंच नाही. पुढे दीड महिना मोबाइलवर एकाच साच्याचे मेसेज येत राहिले, खाली पाठवणाऱ्याचं नाव नसलेले. मी उत्तर दिलं नाही.

मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ या प्रसंगात आहे. परत येणारा माणूस नवखा नसतो. त्याला येशू कोण हे ठाऊक असतं, कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं ते ठाऊक असतं. बाक कुठला करकरतो तेही त्याला ठाऊक असतं. त्याला ओळख करून द्यायची नसते, ओळख ठेवायची असते. दारात 'नव्याने आलेले' आणि 'परत आलेले' यांना एकाच रांगेत उभं केलं की तिथेच चूक होते. बहुतेक परंपरांमध्ये बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. दुरावून परत आलेल्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत, कारण पहिला पुसला गेलेला नसतो. उपासनेत एकत्र म्हणायच्या विश्वासांगीकारात आपण 'एकच बाप्तिस्मा' म्हणतो. ते खरं असेल, तर परत आलेल्याच्या छातीवर 'पाहुणा' ही चिठ्ठी बसत नाही.

आता आमच्या मंडळीने काय केलं ते.

नवे पाळक आल्यावर त्यांनी सभासदांचं जुनं रजिस्टर पहिल्या पानापासून वाचून काढलं. ज्यांच्या नावापुढे कित्येक वर्षं प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) खूणच नव्हती, अशी एकतीस नावं निघाली. ती यादी त्यांनी फळ्यावर लावली नाही, ग्रुपवरही टाकली नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत एकेकाला विचारलं, यातलं कोण तुमच्या ओळखीचं आहे? ज्याची ज्याच्याशी खरी ओळख, त्याने ते एक नाव घ्यायचं. एकच. तीन आठवडे त्या नावासाठी प्रार्थना करायची आणि मगच फोन. चौकशीत तिघं दुसऱ्या मंडळीत नेमाने जात असल्याचं कळलं. पाळकांनी त्यांची नावं यादीतून काढली आणि त्या मंडळीसाठी आभाराची प्रार्थना केली. हे मला फार आवडलं. एका गोठ्यातली मेंढरं दुसऱ्या गोठ्यात नेली म्हणून कळप वाढत नाही, हे त्यांना नीट कळलेलं आहे.

बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ शंभरातलं एक मेंढरू शोधायला जातो, हे आपण नेहमी ऐकतो. पण एक हरवलं हे त्याला कळलं कसं? त्याने मोजली होती. मोजलीच नसती तर शोधायला निघाला नसता. शंभरात एक कमी असेल तर नुसत्या नजरेला ते कळत नाही. मंडळीत हजेरी ठेवणं, रजिस्टर भरणं ही कामं आपल्याला कारकुनी वाटतात. मला आता ती पाळकीयच वाटतात.

माझं नाव घेतलं ते काकूंनी. मी शब्बाथशाळेत शिकवत असताना त्या लहानांचा वर्ग बघत. त्यांचा फोन गुरुवारी संध्याकाळी आला. नाव सांगितल्याबरोबर त्या पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "त्या दिवशी मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही. नऊ वर्षं त्याचं ओझं वाहते आहे. तू मला माफ करशील का?" मला बोलायला सुचेना. बराच वेळ दोघीही गप्प होतो. मग त्या म्हणाल्या, "या रविवारी तिसऱ्या बाकावर डाव्या कडेला तुझी जागा धरते. आलीस तर मला आनंद होईल. नाही जमलं तर पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन करीन, नुसतं बोलायला."

तीन दिवस मी ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. त्यात धाक नव्हता, गळ नव्हती. दिवस होता, बाक होता, बाकाची बाजू होती, आणि मी नाही गेले तरी नातं तुटणार नाही याची हमी होती. 'कधीतरी या ना चर्चला' असं मला या नऊ वर्षांत चार-पाच जण म्हणाले असतील. 'कधीतरी' या शब्दाला धरून कोणाला घराबाहेर पडता येत नाही. येशूचा शिष्य फिलिप्प याने आपल्या ओळखीच्या नथनेलाला येशूकडे बोलावताना सांगितलं ते 'ये आणि पाहा' एवढंच होतं. वाद घातला नाही, त्याच्या शंकेचं खंडन केलं नाही. पण तो स्वतः सोबत होता. मला तो प्रसंग काकूंच्या फोननंतर कळला.

परतीच्या रविवाराची कल्पना आमच्या मंडळीने शोधलेली नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला २००४ साली 'बॅक टू चर्च संडे' सुरू झाला आणि पुढे कितीतरी देशांतल्या मंडळ्यांनी तो उचलला. तो सुरू करणाऱ्यांपैकी मायकल हार्वी यांनी पुढची अनेक वर्षं ठिकठिकाणी फिरून एकच गोष्ट लोकांच्या गळी उतरवली: आपण एकाने एकाला बोलवायचं. समोरचा हो म्हणाला की नाही यावर यश मोजायचं नाही, कारण बोलावणं एवढंच आपल्या हातात आहे. लोक आमंत्रण देत नाहीत ते बहुतेक नकाराच्या भीतीने, हेही ते सांगत आले. काकूंशी नंतर बोलले तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं. फोन लावण्याआधी दोन गुरुवार त्यांनी नंबर काढून परत ठेवून दिला होता. मी काय बोलेन याचीच त्यांना भीती होती. ज्या मंडळ्या हा रविवार करणार असतील त्यांनी छपाईआधी या भीतीकडे लक्ष द्यावं. बोलावणारे लोक तयार नसतील तर कार्ड कितीही सुंदर असलं तरी दाराखालीच राहतं.

एकतीसपैकी बावीस जणांपर्यंत फोन पोचले. त्यातले नऊ जण त्या रविवारी आले.

काकू फाटकाशी उभ्या होत्या. मला बघून धावत आल्या नाहीत, हात हलवला आणि थांबल्या, मी चालत त्यांच्यापर्यंत जाईपर्यंत. आत जाताना कोणी चिकटपट्टी दिली नाही. उभं राहायला सांगितलं नाही. पाळकांनी वेदीवरून एवढंच म्हटलं, "आज काही बाकांवर बऱ्याच दिवसांनी जुनी माणसं बसली आहेत. ती आपल्याला हवी होती." आणि लगेच गीताचा क्रमांक सांगितला. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज बसला. काकू माझ्या वाटचंही गायल्या.

उपदेश कशावर असेल याची मला धास्ती होती. अशा रविवारी उधळ्या पुत्राची गोष्ट निघते आणि आलेल्या सगळ्यांना त्या मुलाच्या कपड्यांत उभं केलं जातं. मी वाटा मागून घेतला नव्हता, दूरदेशी गेले नव्हते, पैसा उधळला नव्हता. मला बाहेर काढलं होतं. पाळकांनी लूकच्या त्याच पंधराव्या अध्यायातली मधली गोष्ट घेतली, जिच्यावर उपदेश क्वचितच ऐकायला मिळतो: दहा नाण्यांपैकी एक हरवलेल्या बाईची. ते म्हणाले, मेंढरू भरकटतं, मुलगा स्वतःच्या पायांनी जातो, पण नाणं कुठे जात नाही. ते कोणाच्या तरी हातून पडतं, आणि पडतं ते घरातच. म्हणून ती बाई रस्त्यावर शोधायला जात नाही. दिवा लावते आणि स्वतःचं घर झाडते. "आपल्यातली काही माणसं आपल्याच हातून पडली आहेत," ते म्हणाले. "त्यांना शोधायचं तर आधी आपलं घर झाडावं लागेल."

चर्चमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. दोन बाक पुढे ते पंच बसले होते, मला विश्रांती घ्यायला सांगणारे. त्यांची मान खाली होती. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्या मनात नऊ वर्षांत पहिल्यांदा राग नव्हता. रडू होतं.

आणि तरी उधळ्या पुत्राची गोष्ट मी घरी जाऊन पुन्हा वाचली. मुलगा वाटेत एक वाक्य घोकत येतो: मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. बापासमोर ते वाक्य तो पुरं करतच नाही, बाप मधेच चाकरांना सांगतो, उत्तम झगा आणा, बोटात अंगठी, पायात वहाणा. या तिन्ही वस्तू पाहुण्याला द्यायच्या नाहीत. त्या घरच्या माणसाच्या आहेत. परत आलेल्याला कुठे बसवायचं, हा प्रश्न बापाला पडलाच नाही.

आता वर्गाविषयी. पहिल्या आठवड्यात तो फसला होता, हे स्पष्ट लिहिते. आम्ही सात जण होतो. हातात नवशिक्यांसाठीची पुस्तिका आली, पहिला धडा 'येशू कोण आहे?' शिकवणारे तरुण होते, तयारी चांगली होती. त्यांनी एक वचन अर्धं वाचलं आणि समोर बसलेल्या, तीस वर्षं गायकगटात गायलेल्या काकांनी उरलेलं अर्धं डोळे मिटून म्हटलं. सगळे शांत. त्या तरुणाला पुढे काय करावं कळेना आणि आम्हालाही.

पाळकांनी पुस्तिका बदलली असती तर निभावलं असतं, पण त्यांनी पुस्तिकाच बाजूला ठेवली. अल्फा कोर्सची त्यांनी आम्हाला माहिती दिली, कारण आधी तोच घ्यायचा विचार होता. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये चार्ल्स मार्नहॅम यांनी १९७७ साली तो सुरू केला तो नव्या ख्रिस्ती लोकांना पाया समजावा म्हणून. १९९० मध्ये निकी गंबेल यांच्याकडे तो आला. चर्चला न जाणारे लोकही येऊन बसतात हे त्यांनी ओळखलं आणि सगळी मांडणी त्यांच्यासाठी नव्याने केली. एकत्र जेवण, एक व्याख्यान, मग लहान गटात मोकळी चर्चा, कुठलाही प्रश्न विचारायला हरकत नाही. जगभर तो चालला याचं कारण मला यात दिसतं: समोर कोण बसलंय ते पाहून त्यांनी आपला वर्ग बदलला. पाळक म्हणाले, "तसंच आपणही करू. तुम्ही नवे नाही. मग तुमच्यासाठी पहिला धडा कोणता?" आणि त्यांनीच उत्तर दिलं: "तुम्ही का गेलात, हा."

त्या दुसऱ्या संध्याकाळी ते दोन तास एकही उपदेशाचं वाक्य बोलले नाहीत. वही घेऊन बसले होते आणि लिहीत होते. एका बाईंचं बाळ गेलं होतं. अंत्यविधीच्या दिवशीच कोणीतरी त्यांना म्हणालं होतं, देवाला तो जास्त हवा होता. त्या परत चर्चच्या पायऱ्या चढल्या नाहीत. एका माणसाची नोकरी रविवारच्या पाळीची होती. दोन वर्षांनी पाळी बदलली, पण तोवर यायची लाज वाटू लागली होती. एक मुलगा तरुण संघात प्रश्न विचारायचा. "विश्वास कमी आहे तुझा" असं सगळ्यांसमोर ऐकल्यावर त्याने प्रश्न आणि संघ दोन्ही सोडले. एक जोडपं घर बदललं म्हणून दुरावलं होतं, आणि त्यांना सांगण्यासारखं दुःख नव्हतं. ते म्हणाले, आम्ही नुसते हळूहळू येईनासे झालो. तेही पाळकांनी तितक्याच मन लावून लिहून घेतलं. गायकगटातल्या काकांनी सांगायचं टाळलं. पुढचे चार आठवडेही टाळलं. कोणी आग्रह केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाळ गेलेल्या बाईंनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी आशेची ओळ येते, यात येत नाही, ते अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे पवित्र शास्त्रात आहे हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी गेले नसते." पाळकांनी 'आमेन' म्हटलं आणि वर्ग तिथेच संपवला. त्या दिवशी पुढे काहीच शिकवायला नको होतं, आणि त्यांना ते कळलं.

चौथा वर्ग पेत्राचा होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा असताना येशूला नाकारतो. एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर कोळशांचाच विस्तव पेटवून बसलेला आहे. मूळ ग्रीकमधला तो शब्द नव्या करारात फक्त या दोन ठिकाणी येतो. जिथे मोडलं त्याच वासापाशी, त्याच उबेपाशी येशू त्याला आणतो, आधी न्याहारी देतो आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तू नाकारलंस का, असं एकदाही विचारत नाही. आणि शेवटी काम देतो: माझी मेंढरं चार. परत आलेल्याला लगेच जबाबदारी देऊ नये, आधी वर्षभर बघावं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पेत्राला वर्षभर बाकावर बसवलं नव्हतं.

मंडळीपुढे हा प्रश्न जुनाच आहे, हे पाचव्या वर्गात कळलं. इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसने सगळ्यांनी देवतांना यज्ञ करावा असं फर्मान काढलं. जिवाच्या भीतीने पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला, काहींनी तसं प्रमाणपत्र विकत घेतलं. छळ ओसरल्यावर ते परत यायला लागले. यांना घ्यायचं की नाही? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५१ साली धर्मसभा भरवली. पश्चात्तापाचा काळ पुरा करून त्यांना परत येऊ द्यावं, असा मार्ग तिथे निघाला. नोव्हेशियनचा पंथ वेगळा झाला. मोठी मंडळी परतीचं दार उघडं ठेवणाऱ्यांच्या बाजूने गेली. काका त्या दिवशी पहिल्यांदा बोलले: "म्हणजे आम्ही पहिले नाही." मला ते वाक्य विसरता येत नाही.

आता उणिवा. त्या रविवारी उपासनेनंतर कोणीतरी आमचा नऊ जणांचा फोटो काढला आणि मंडळीच्या ग्रुपवर 'परत आलेली मेंढरं' असं लिहून टाकला. विचारलं नव्हतं. पाळीच्या नोकरीवाल्या माणसाला तो इतका लागला की वर्गाच्या मधल्या दोन आठवड्यांत तो आलाच नाही. मी सांगितल्यावर फोटो ग्रुपवरून काढून टाकला, माफीही मागितली. पण हे आधीच सुचायला हवं होतं. परतणाऱ्याचा पहिला महिना फार नाजूक असतो. त्याला गर्दीत थोडं मिसळून राहू द्यावं, त्याच्या येण्याची बातमी करू नये.

दुसरं, रविवारी सकाळी ज्यांना येताच येत नाही त्यांच्यासाठी अजून काही नाही. बुधवारी संध्याकाळी अर्ध्या तासाची छोटी उपासना सुरू करावी असं मी फॉर्मवर लिहिलं आहे. महिन्यातून एकदा प्रभुभोजनही त्या वेळी असावं. ज्या माणसाला तू कधी येशील असं विचारायचं, त्याला येता येईल अशी वेळही द्यायला हवी.

आणि राखून ठेवलेला गुण. पाळकांनी मंडळीच्या वतीने माझी क्षमा मागितली, पण ती घटना घडली तेव्हा ते इथे नव्हते. काकूंनी मागितली, पण निर्णय त्यांचा नव्हता. ज्या पंचकमिटीने ठरवलं तिच्याकडून एक ओळ आलेली नाही. ते पंच आता दारात भेटतात, मान डोलवतात, मीही डोलवते. मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते. काही दिवशी ती ओठांवरच राहते, काही दिवशी आत उतरते. घर झाडायचं म्हटल्यावर बैठकीची खोली झाडून भागत नाही. कमिटीच्या इतिवृत्तात तो जुना ठराव असेल, तर त्याच्याखाली नवी नोंद व्हावी एवढीच माझी मागणी आहे.

वर्ग संपून आता चार महिने झाले. सातातले पाच जण येत आहेत. पाळीवाला माणूस येतो तेव्हा मागे बसतो आणि शेवटच्या गीताआधी निघतो, पण येतो. तो तरुण मुलगा येत नाही. पाळक त्याला महिन्यातून एकदा चर्चबाहेर भेटतात आणि त्याचे प्रश्न ऐकतात. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे खूण नाही, पण मी त्याला हरवलेला म्हणणार नाही. बाळ गेलेल्या बाई आता अंत्यविधीच्या घरी सगळ्यात आधी जाऊन बसतात आणि काही बोलत नाहीत. कोणी त्यांना हे काम नेमून दिलेलं नाही. मला विचाराल तर मंडळी या चार महिन्यांत वाढली ती त्या पाच डोक्यांहून जास्त यामुळे वाढली. काकांनी गायकगटाचा दरवाजा अजून उघडलेला नाही. सरावाच्या वेळी मात्र ते बाहेर ओट्यावर बसलेले असतात.

मला शब्बाथशाळेचा वर्ग परत मिळाला का, असं बऱ्याच जणी विचारतात. मिळाला नाही, मीही अजून मागितला नाही. ज्या बाई शिकवतात त्या चांगलं शिकवतात.

पुढचा परतीचा रविवार ठरला आहे आणि या वेळी नाव घेणाऱ्यांत मी आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती, पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. त्या दिवशी वर्गातून माझ्याकडे बघणाऱ्या मुलांत तीही होती. मी गेल्यावर काही महिन्यांत तिचंही येणं थांबलं, असं रजिस्टर सांगतं. आता ती एकोणीस वर्षांची आहे. तिच्या आईकडून नंबर घेतला आहे. तीन आठवड्यांतले दोन झाले. पहिलं वाक्य काय म्हणायचं ते ठरवलं आहे: त्या दिवशी मी तुम्हाला काही न सांगता निघून गेले.